सांगणारी मुलगी आणि ऐकणारं मशीन

शाळेच्या स्मरणिकेसाठी माझ्याकडे दोन पानं मागितली आहेत. विषयही त्यांनीच दिला: शाळेतला पहिला कॉम्प्युटर आणि त्याच्यापुढे बोलून द्यायची स्पेलिंगची परीक्षा. फोन करणारा शिक्षक माझ्याच हाताखालून गेलेला. "सर, तुमचं ते गाजलेलं वाक्य मथळ्याला घेतोय," तो म्हणाला. "कॉम्प्युटर कुणाचा बाप ओळखत नाही!" मी बरं म्हणालो आणि फोन ठेवला. नंतर बरेच दिवस कागदाला हात लावला नाही.

वाक्य माझंच आहे. त्या काळात मी ते पालकांना ऐकवायचो, संस्थेच्या मंडळींना ऐकवायचो, आणि माझ्या निरोपसमारंभात तिघाचौघांनी ते मलाच परत ऐकवलं. पण ते खरं नव्हतं. तो कॉम्प्युटर एकाच माणसाला ओळखत होता, आणि त्या माणसाचा बाप मी होतो.

हे नीट सांगायचं तर आधी आमच्याकडे स्पेलिंग कशी पाठ व्हायची ते सांगावं लागेल.

आमची शाळा मराठी माध्यमाची, कोल्हापुरातल्या जुन्या पेठेतली. निम्मी मुलं पेठेतली, निम्मी आसपासच्या खेड्यांतून एस.टी.ने येणारी. नव्वदचं दशक संपत आलं होतं तरी इंग्रजी पाचवीपासूनच सुरू व्हायचं. पाचवी ते सातवीचं इंग्रजी माझ्याकडे असायचं. शेवटच्या तासाला मुलांचं लक्ष घंटेकडे असे, तेव्हा धडा शिकवण्यात काही अर्थ नसे. मी म्हणायचो, "चला, स्पेलिंग." मग वर्गातलं एक जण उठून फळ्याजवळ उभं राहायचं. त्याला 'सांगणारा' म्हणायचे. सांगणाऱ्याने आधी म्हणायचं, मागोमाग सगळ्या वर्गाने. पाढ्यांची जी चाल, तीच इंग्रजीला.

"बी ई ए यू ब्यू, टी आय टी, एफ यू एल फुल, ब्युटीफुल, ब्युटीफुल म्हणजे सुंदर!"

त्या शेवटच्या 'सुंदर'वर सगळा वर्ग मिळून असा आदळायचा की खिडक्यांची तावदानं थरथरत. शेजारी तालीम होती. तिथले वस्ताद एकदा रस्त्यात गाठून म्हणाले, "मास्तर, रोज चार वाजता सुंदर कोण येतंय ओ तुमच्याकडं? आमची पोरं जोर मारायची थांबत्यात की!"

त्या वर्षीच्या सातवीत सांगणारी एक मुलगी होती. वडील शेतकरी. ऊस थोडा आणि म्हशी जास्त. पहाटे शहरात रतीब घालायला ते मोटारसायकलवरून यायचे, मागे दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या लटकवलेल्या आणि पुढे टाकीवर ही. रतिबाची वेळ आणि शाळेची वेळ जुळत नसे. त्यामुळे शाळा उघडायच्या कितीतरी आधी ती पायरीवर येऊन बसलेली असायची. शिपाई कुलूप काढायला आला की त्याला म्हणायची, "या पावणं, उशीर केलासा." तिचा आवाज एका बांधावरून दुसऱ्या बांधावर हाक पोचवणाऱ्यांचा होता. ती फळ्याजवळ उभी राहिली, हनुवटी वर केली आणि श्वास घेतला की मागच्या बाकावरची पेंगणारी मुलंही सरळ व्हायची. एखादी स्पेलिंग तिला एकदा सांगितली की ती चालीत बसवायची, आणि चालीत बसली की ती तिच्याकडून कधी सुटत नसे.

तिला आणखी एक गोष्ट यायची. नक्कल. मुख्याध्यापकांचा खोकला, एस.टी.च्या कंडक्टरचं "पुढं सरका, पुढं लई जागा हाय", मंडईतल्या बायकांची भांडणं. माझीही करत असणार. पण ती माझ्या कानावर कधी आली नाही, आणि मीही कधी विचारलं नाही.

माझी मुलगी त्याच वर्गात, तिच्याच बाकावर बसायची. आवाजाने अगदी उलट. हळू, एकेक शब्द जपून खाली ठेवल्यासारखी बोलणारी. बोलण्याआधी घसा किंचित साफ करायची सवय. दोघींचं कसं जमलं कोण जाणे. मधल्या सुट्टीत डबे बदलले जायचे. आमच्या घरची पोळी-भाजी तिकडे जायची आणि तिकडची भाकरी, खर्डा, दह्याची वाटी इकडे यायची. संध्याकाळी घरी येऊन माझी मुलगी तिच्या चालीत स्पेलिंग म्हणायचा प्रयत्न करायची. तिला काही केल्या जमायचं नाही, आणि ती, तिची आई आणि मी, तिघंही हसायचो.

आता कॉम्प्युटरचं. शाळेत आठवीला सेमी-इंग्रजीची एकच तुकडी होती. गणित-विज्ञान इंग्रजीतून. त्या तुकडीत मुलाला घालायला उन्हाळ्यात नुसती रांग लागायची, आणि रांगेपेक्षा मोठी असायची शिफारस. कुणाचा मेहुणा संस्थेत, कुणाचा चुलता कारखान्यावर. कुणी घरी यायचं, कुणी रंकाळ्यावर फिरताना गाठायचं. निवड माझ्याकडे असायची, पण ती माझ्या हातात नव्हती. वर्षानुवर्षं मी हुशार मुलांची नावं खोडून दुसरी लिहिली आणि घरी येऊन जेवलो.

अशात एक जुना विद्यार्थी पुण्याहून आला. तिकडे कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. ऑफिसातला काढून टाकलेला एक कॉम्प्युटर त्याने शाळेला दिला, वर माइक लावलेला हेडफोन दिला आणि आवाज ओळखून अक्षरं उमटवणारं सॉफ्टवेअर घालून दिलं. त्याच्या जोडीला त्याने स्वतः एक लहानसा खेळ तयार केला होता. मशीन एक शब्द बोलायचं. मुलाने माइकमध्ये एकेक अक्षर म्हणायचं, तसतशी ती पडद्यावर येणार. बरोबर आलं तर हिरवं, चुकलं तर लाल. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मुख्याध्यापक, शिपाई आणि मी, तिघंही लहान मुलांसारखे पडद्याला नाक लावून उभे होतो.

जाताना तो म्हणाला होता, "सर, याला आधी आवाज शिकवावा लागतो. पानंच्या पानं वाचून दाखवायची. ज्याचा आवाज शिकेल त्याचंच तो नीट ऐकतो. त्यामुळे प्रत्येक पोराचा वेगळा शिकवा." मी मान डोलावली. हे त्याने सांगितलं नव्हतं असं मला आज म्हणता येणार नाही.

नकाशे ठेवायच्या खोलीत कॉम्प्युटर मांडला. दसऱ्याला त्याला झेंडूची माळ घातली, माइकला हळदकुंकू लागू नये म्हणून शिपायाने तो वरच्या वर धरून ठेवला. माझ्या पत्नीने जुन्या चादरीचं कव्हर शिवून दिलं. खोलीत चपला बाहेर काढून जायचं, असा नियम मुलांनीच केला. आणि दिवाळीच्या सुट्टीत, शाळा रिकामी असताना, मी माझ्या मुलीला घेऊन रोज तिथे जायला लागलो.

ते दिवस माझ्या आयुष्यातले फार चांगले दिवस होते. ओस शाळा, पटांगणात कबुतरं, लांब कुठेतरी फुटणारे फटाके. ती डोक्यापेक्षा मोठा हेडफोन घालून इंग्रजी उतारे वाचत असायची, मी शेजारी भडंगाची पुडी धरून बसलेला. ती दमली की आम्ही दोघं पायरीवर बसून भडंग खायचो आणि कबुतरांना टाकायचो. मशीन अडलं की ती त्याच्यावर चिडायची नाही, तेच वाक्य पुन्हा वाचायची. सुट्टी संपेपर्यंत तिने एखादं अक्षर पुटपुटलं तरी पडद्यावर ते हिरवं होऊन यायचं. मला वाटलं, मशीन तयार झालं. वर्गात साठाच्या घरात मुलं होती. प्रत्येकाचा आवाज शिकवायला वर्ष पुरलं नसतं. लहान मुलाचा आवाज तो लहान मुलाचा आवाज, त्यात काय एवढा फरक असणार, असं मी स्वतःशीच ठरवून टाकलं.

शाळा सुरू झाली आणि पाळीपाळीने मुलं माइकपुढे बसू लागली. फार गंमत चालायची. कुणी माइकमध्ये फुंकर मारायचं, कुणी "हॅलो हॅलो" करायचं, एकाने तर स्पेलिंग सांगून झाल्यावर मशीनला नमस्कार केला. पेठेतल्या काही मुलामुलींचं मशीन बऱ्यापैकी ऐकायचं. गावाकडच्या मुलांचं ऐकायचं नाही. पडदा लालच लाल व्हायचा. मी मागे उभा राहून म्हणायचो, "ओरडू नकोस. चाल लावू नकोस. सपाट बोल." आणि दर वेळी, "कळलं नाही त्याला. पुन्हा."

हे "कळलं नाही, पुन्हा" मी इतक्यांदा म्हटलं की मुलं मला पाहिल्यावर आपसात तेच म्हणू लागली.

मशीन चुकत असेल असं माझ्या मनात आलं नाही. मुलांचे उच्चार चुकत असतील, असंच आलं. शेवटी मी वर्गातली चालही बंद केली, कारण चालीची सवय लागली की माइकपुढे अडचण व्हायची. चार वाजता वर्गात एकेक जण उभं राहून अक्षरं मोजून मोजून म्हणू लागलं. वस्ताद पुन्हा भेटले. "मास्तर, सुंदर आता येत न्हाय व्हय?" मी त्यांना कॉम्प्युटर म्हणजे काय ते समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आसंल बाबा. पण ग्वाड वाटायचं."

मला मात्र त्या यंत्रात सुटका दिसत होती. मी मुख्याध्यापकांना पटवलं की यंदा सेमीची निवड बोलून दिलेल्या स्पेलिंगवर करायची आणि मार्क मशीनने द्यायचे. शिफारस घेऊन येणाऱ्याला सांगायचं, कॉम्प्युटर कुणाचा बाप ओळखत नाही. मुख्याध्यापक शिफारशींना माझ्याइतकेच विटले होते. त्यांनी टेबलावर हात मारला. "केलं!"

परीक्षेच्या थोडं आधी त्या मुलीचे वडील शाळेत आले. टोपी हातात धरून दारातच उभे राहिले. "मास्तर, एक इचारायचं हुतं. आमच्या पोरीला त्या शेमीत घेशीला न्हवं?"

"परीक्षा आहे. पास झाली तर घेणार."

"व्हईल की. समदं तोंडपाठ हाय तिला. म्हशीस्नी पाणी पाजताना बी चालू आस्तंय." ते हसले, मग जरा थांबून म्हणाले, "न्हाय, घरात म्हातारं माणूस म्हणतंय, एवढ्या लांब कशाला धाडायची पोरीच्या जातीला, गावात शाळा हाय की आठवीची. मी म्हणलं, शेमी मिळालं तर ऱ्हाऊ दे शहरात. न्हाय मिळालं तर मग माझं बी काय चालायचं न्हाय घरात. म्हणून आपलं इचारलं."

म्हणजे मला सगळं माहीत होतं. तुकडी मिळाली तर ती शहरातल्या शाळेत राहणार होती, नाही तर नाही. मी त्यांना म्हणालो, "काळजी करू नका. मशीन कुणावर अन्याय करत नाही."

परीक्षेच्या दिवशी नकाशांच्या खोलीत मी होतो आणि मागे खुर्चीवर मुख्याध्यापक. मुलं एकेक आत यायची. माझ्या मुलीचं झालं, पडदा पहिल्यापासून शेवटपर्यंत हिरवा. मुख्याध्यापक म्हणाले, "वा!" मी खिडकीपाशी उभा राहून मार्क लिहीत होतो. पुढची मुलगी आत आली, हेडफोन घातला, मशीनने शब्द सांगितला. मला ऐकू आलं, एक बारीक घसा साफ केल्याचा आवाज. मग, "एन... ई... आय... जी..."

मला वाटलं, माझीच मुलगी पुन्हा आत आली. मी वळून पाहिलं. खुर्चीवर सांगणारी बसली होती. हनुवटी खाली, हात मांडीवर जुळवलेले, आणि तिच्या तोंडून माझ्या मुलीचा आवाज निघत होता. तोच हळूपणा, अक्षराच्या शेवटी तेच थोडंसं लांबवणं. पडद्यावर एकेक अक्षर हिरवं होत होतं.

मागे मुख्याध्यापक खो-खो हसले. "अहो, ही तर हुबेहूब तुमची कन्या!"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "नक्कल करतेस? परीक्षेत? माझ्यासमोर माझ्या मुलीची नक्कल?"

ती ताडकन उभी राहिली. "सर, न्हाय, त्येला..."

"त्याला काय? आपल्या आवाजात बोल!"

ती बसली. हनुवटी वर केली, श्वास घेतला आणि आपल्या आवाजात तोच शब्द पहिल्यापासून म्हणाली. पहिलं अक्षर लाल, दुसरं लाल. पुढचा शब्द, तोही लाल. ती आवाज वाढवत गेली, मग कमी करत गेली. मी तिच्या मागे उभा होतो. तिचं एकही अक्षर चुकत नव्हतं. मी इंग्रजीचा शिक्षक, माझे दोन्ही कान शाबूत होते. ती बरोबर म्हणत होती ते मला ऐकू येत होतं आणि पडद्यावर ते लाल होत होतं. तेव्हा मला पुण्याच्या त्या विद्यार्थ्याचं बोलणं आठवलं. मशीनने माझ्या मुलीचा आवाज मागितला होता, या मुलीने तो दिला होता, आणि मी तो तिच्याकडून काढून घेतला होता.

शेवटच्या शब्दानंतर तिने हेडफोन काढला, वायर गुंडाळून जपून खाली ठेवला. "झालं सर," म्हणाली आणि बाहेर जाऊन चपला घालू लागली.

"पुढचा," मुख्याध्यापक म्हणाले. आणि मी पुढच्याला हाक मारली.

संध्याकाळी मुलगी जेवायला बसली नाही. म्हणाली, "बाबा, तिला मीच शिकवलं होतं, माझ्यासारखं बोलायला. मधल्या सुट्टीत. ते माझंच ऐकतं ना." मी तिला खोलीत नेलं, दार लावलं आणि म्हणालो, "हे बाहेर कुणाला सांगायचं नाही." तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तशी नजर त्याआधी मी तिच्या डोळ्यांत पाहिली नव्हती.

यादी लागायला अजून अवकाश होता. परीक्षा रद्द करता आली असती. कागदावर घेता आली असती. मी दोन्ही गोष्टींचा विचार केला. पण मशीनमध्ये खोट आहे असं म्हटलं, तर ज्यांना मी हाकलून लावलं होतं ते सगळे मेहुणे आणि चुलते दुसऱ्याच दिवशी परत आले असते. शिवाय मशीन माझ्या मुलीच्या आवाजावर तयार केलेलं आणि माझीच मुलगी पहिली, हे लोकांना कळलं असतं. यातलं पहिलं कारण मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आलो. खरं कारण दुसरं होतं. मी यादी लावली.

सांगणारीचं नाव त्यात नव्हतं. तिचे वडील आले. मी तोंड उघडायच्या आधी तेच म्हणाले, "आसू दे मास्तर. मानसानं खोटं म्हणलं आसतं तर भांडलो आसतो. कॉम्प्युटरशी काय भांडायचं? आमच्याच पोरीत काय तरी कमी आसंल." दाखला घेतला. गुऱ्हाळ चालू आहे म्हणून आणलेली गुळाची ढेप टेबलावर ठेवली आणि किटल्या वाजवत निघून गेले. तो गूळ आम्ही पावसाळाभर खाल्ला. मुलीने त्याला बोट लावलं नाही.

पुढच्या वर्षीच्या सातवीत मी चाल पुन्हा सुरू केली. सांगणारे मिळाले, पण ती मजा आली नाही. आणखी वर्षभराने मशीन बिघडलं आणि नकाशांच्या मागे गेलं. बोलून स्पेलिंगची परीक्षा संपली, ते वाक्य मात्र राहिलं.

मी निवृत्त झालो, मुलगी इंजिनीअर झाली. दोन हजारच्या दशकाच्या शेवटाकडे एका रविवारी तीच म्हणाली, "बाबा, जोतिबाला जाऊया." गर्दीचे दिवस नव्हते. डोंगरावर वारा चांगला होता, पायऱ्या गुलालाने माखलेल्या. दुकानांपुढून जाताना बायका हाका मारत होत्या. "पावणं, चप्पल हितं काढा! नारळ-गुलाल घ्या!" मी एका दुकानापुढे चप्पल काढू लागलो, तर मुलगी म्हणाली, "इथे नको, पुढे."

पुढून एक हाक आली. "या, या, या, नारळ घ्या, गुलाल घ्या, खोबरं घ्या, चांगभलं!" ती हाक चालीत होती, आणि शेवटचा शब्द आदळत होता. चेहरा दिसायच्या आधी मी ओळखलं.

डोंगरावरच्या दुकानदारांच्या घरात तिला दिली होती. दोघी कायम एकमेकींच्या संपर्कात होत्या, हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं. तिने आम्हाला आत बाकड्यावर बसवलं, चहा मागवला, माझ्या पाया पडली. मग दोघींचं बोलणं सुरू झालं आणि माझी मुलगी म्हणाली, "कर की गं ते."

"सरांच्या म्होरं? न्हाय बाई. एकदा केलतं, तेवढं बास झालं."

"कर," मी म्हणालो.

तिने घसा बारीक साफ केला आणि माझ्या मुलीच्या आवाजात, मांडीवर हात जुळवून, स्पेलिंग म्हणाली. मुलगी हसून हसून बाकड्यावर आडवी झाली. मग सांगणारी उभी राहिली, पदर खोचला, हात मागे बांधले, आणि माझ्या आवाजात म्हणाली, "कॉम्प्युटर कुणाचा बाप ओळखत नाही! कळलं नाही त्याला. पुन्हा!"

नारळ घ्यायला आलेले लोकही हसले. मीही हसलो.

हसू ओसरल्यावर ती चहाचा कप माझ्या हातात देत म्हणाली, "सर, एक सांगू? राग मानू नगासा. ते मशीन हिचंच ऐकत हुतं. सगळ्या वर्गाला म्हायत हुतं. फकस्त तुमास्नी म्हायत नव्हतं. आमी म्हणायचो, सर साधं मानूस हाय, त्यास्नी फसवलंय त्या पुण्याच्यानं. सांगायचं भ्या वाटायचं. तुमी वरडला तवा मला लई रडू आलतं. पण घरला गेल्यावर म्हणलं, सरांचा काय दोष? त्यास्नी ठावंच न्हाय."

माझी मुलगी माझ्याकडे पाहत होती. मी काय म्हणतो त्याची ती वाट बघत होती. मला वाटतं, एवढ्यासाठीच ती मला डोंगरावर घेऊन आली होती.

मी चहा प्यालो. म्हणालो, "हो ना. मला कुठलं काय कळतंय त्या मशीनमधलं."

ती हसली, माझ्या कपाळाला गुलाल लावला आणि खोबऱ्याचा तुकडा हातावर ठेवला. पैसे घेतले नाहीत. खाली येताना एस.टी.त मुलगी माझ्या शेजारची जागा सोडून पुढे जाऊन बसली.

त्यालाही आता बरीच वर्षं झाली. हल्ली फोन कुणाचंही बोलणं ऐकतो, कोल्हापुरी बोला नाही तर आणखी काही. स्मरणिकेवाल्यांना काय ते एवढंच हवं आहे, की त्याची सुरुवात आमच्या शाळेत कशी झाली. त्यांना मी हे सगळं देणार आहे. छापायचं तर छापतील. मथळा मात्र तो नको असं कळवलं आहे.

पण तिला हे पहिल्यांदा छापील कागदावरून कळावं, हे बरोबर नव्हे. मी मुलीला म्हणालो, "तू जाशील तेव्हा हे तिला नेऊन दे." मुलगी हल्ली आमच्याजवळच असते. ती म्हणाली, "मी नाही नेणार. तुम्ही जा, आणि वाचून दाखवा."

रविवारी सकाळच्या एस.टी.ने जायचं ठरवलं आहे. गुडघ्यांमुळे पायऱ्या होणार नाहीत, पण दुकान वरच्या अंगाला आहे, तिथपर्यंत जाता येतं. काल दुपारी खोलीत बसून हे सगळं मोठ्याने वाचून पाहिलं. बाकी सगळं नीट होतं, फक्त एका ठिकाणी आवाज खाली जातो. ती हेडफोन ठेवून बाहेर जाते तिथे. तिथे मी तिच्यासाठी एक वाक्य वाढवलं आहे, ते वर त्या जागी लिहिलेलं नाही. मी ते म्हणून पाहिलं, "तू बरोबर म्हणत होतीस, आणि मला ते तेव्हाच माहीत होतं."

स्वयंपाकघरातून मुलीचा आवाज आला, हळू, घसा साफ करून.

"कळलं नाही, बाबा. पुन्हा."